विस्तव नसलेली चूल

मी आत्ता बोलतो आहे आणि माझा आवाज आपल्या घरापर्यंत येतो आहे तो एका लहरीवर बसून. मध्यम लहरींवरच्या केंद्राची ही लहर चांगली ऐसपैस असते. विरारहून सुटणाऱ्या बारा डब्यांच्या लोकलएवढी लांब, कधी तिच्या दुप्पट. तिच्याच कुळातली, पण वीतभरसुद्धा लांबी नसलेली, जेमतेम बारा सेंटिमीटरची एक धाकटी बहीण आहे. ती गाणी आणत नाही, बातम्या आणत नाही. ती एका बंद पेटीत राहते आणि अंडी, भाजी, भात शिजवते. त्या पेटीला आपण मायक्रोवेव्ह म्हणतो. आज तिची गोष्ट सांगायची आहे.

कवी माणसाने या विषयाला का हात घालावा, असं आमच्या एका मित्राने विचारलंच. त्याचं उत्तर एका फुटलेल्या अंड्यात आहे.

साल २०१४. पालघर जिल्हा जन्माला आला तोच पावसाळा. आम्ही सोपारा गावात राहतो. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरून पत्नीचा उजवा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. रमजानचा महिना नुकताच लागलेला. घरात म्हातारी अम्मी, प्लास्टरमधली पत्नी आणि चव्वेचाळीस वर्षांत चहापलीकडे काहीही न शिजवलेला मी. ओट्याच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह होता. १९९८मध्ये मेहुण्याने कुवेतहून आणलेला. त्याच्यावर क्रोशाचं आवरण, आवरणावर फुलदाणी. सोळा वर्षांत त्याने चहा आणि कालची आमटी गरम करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मला वाटलं, यात अंडं उकडायला काय लागतं? वाटीत पाणी, पाण्यात अंडं, पाच मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला आत असा काही बार झाला की अम्मी तसबीह हातात घेऊनच बाहेर आली. दार उघडलं तर पिवळं छताला, पांढरं चारी भिंतींना. पत्नी दारात उभी राहून हसत होती. हात मोडल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाली, "अहो, अंड्याला श्वास घ्यायला जागा तरी ठेवायची!"

ते साफ करताना मनात आलं, की या घरात चूल कशी चालते हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७०च्या दशकात, आमच्याकडे मातीची चूल होती. जळणाला नारळाच्या झावळ्या, करवंट्या, वखारीतली लाकडं. पावसाळ्यात लाकूड ओलं, मग फुंकणीने फुंकर घालून घालून अम्मीचे डोळे लाल. रमजानात सहरीसाठी आम्ही पहाटे चारला उठायचो. पण ती तीनला उठायची, कारण चूल काही हाक मारल्याबरोबर पेटत नाही. पुढे रॉकेलचा वातीचा स्टो आला आणि त्याच्याबरोबर रेशनच्या दुकानापुढची रांग आली. मुंबई शहरात १९५०च्या दशकाच्या मध्यात बर्मा शेलचा 'बर्शेन' गॅस सिलिंडरमधून मिळू लागला होता. आमच्या ओट्यावर गॅस यायला आणखी तीस वर्षं गेली. मुंबई ते सोपारा हे अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं. पण स्वयंपाकघराच्या घड्याळात ते एका पिढीचं होतं.

त्या चुलीवर अंडं उकडायला वेगळं भांडं कधी चढत नसे. भाताला आधण आलं, पेज उकळू लागली, की धुतलेलं अंडं हळूच त्यात सोडायचं. एका जाळात दोन कामं. जळण महाग होतं, म्हणून ही युक्ती. आपल्या स्वयंपाकाचा इतिहास अशा जळण वाचवायच्या युक्त्यांनी भरलेला आहे.

आमच्या शेजारची वाडवळ मंडळी हिवाळ्यात उकडहंडी करतात. वसईपासून पालघरपर्यंतच्या पट्ट्यातला हा खास पदार्थ. कोनफळ, रताळी, वालपापडी, बटाटे, वांगी असं सगळं मसाला लावून हंडीत भरायचं, तोंड केळीच्या पानाने बंद करायचं आणि मंद आचेवर ठेवून द्यायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. भाजी आपल्याच अंगच्या पाण्यावर शिजते. खाडीपलीकडे रायगडात गेलात तर थंडीत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी. मडक्याचं तोंड पाल्याने बंद करून ते शेतात उपडं ठेवायचं, भोवती जाळ करायचा. अर्ध्या-पाऊण तासात आत वाफेवर सगळं तयार. इथेही वरून पाणी नाही.

या दोन पदार्थांत एक मोठं शहाणपण आहे. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. पालेभाजीत, दुधीत, दोडक्यात तर नव्वद टक्क्यांच्या वर. म्हणजे शिजवायला लागणारं पाणी पदार्थ स्वतःच घेऊन आलेला असतो. प्रश्न एवढाच, की त्या पाण्यापर्यंत उष्णता पोहोचवायची कशी? विस्तव आधी मडकं तापवतो, मडकं वाफ तापवतं, वाफ शेंगेची साल, साल आतला दाणा. वाटेत निम्मी आच हवेत जाते आणि धूर बाईच्या डोळ्यांत जातो.

पदार्थात काय शिजतं, हे वसईत बदलत गेलं. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज होते. त्यांच्या जहाजांमुळे अमेरिकेतली मिरची, बटाटा, पपई, अननस या किनाऱ्याला लागले. बटाटा, कोबी, पाव हे आपले शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतून आले. पावाबरोबर त्याची भट्टी आली. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, फिरंगी गेले, भट्टी आणि बटाटा राहिले. म्हणजे उकडहंडीतला बटाटाही मुळात पाहुणाच. त्या हंडीखालचा विस्तव मात्र तोच राहिला. तो बदलायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि बदल आला तो स्वयंपाकघरातून नव्हे, तर प्रयोगशाळेतून आणि लढाईच्या मैदानातून.

त्याचा पहिला धागा आपल्याच देशात, कलकत्त्यात सापडतो. १८९५मध्ये तिथल्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसूंनी लोकांसमोर एक प्रयोग केला. डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी त्यांनी भिंतीपलीकडे पाठवल्या. पलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. बसूंच्या लहरी काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर लांबीच्या होत्या, म्हणजे ज्यांना आपण आज मायक्रोवेव्ह म्हणतो त्याच. उपकरणंही घरगुती. लहरींच्या कंपनाचं प्रतल फिरवायला त्यांनी चक्क पिळलेला ताग वापरला होता. १८९७मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे सगळं दाखवलं. लहर हाताशी आली होती, पण तिच्यात अंडं शिजवण्याएवढा जोर नव्हता.

तो जोर दुसऱ्या महायुद्धाने दिला. शत्रूची विमानं अंधारात ओळखायची तर आखूड आणि ताकदवान लहर हवी. १९४०च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात पोकळ्या कोरून मॅग्नेट्रॉन नावाची नळी चालवून दाखवली. मुठीत मावेल अशी वस्तू, पण रडारचं काळीज. त्याच वर्षी ब्रिटिशांनी ती एका पेटीत घालून बोटीने अटलांटिकपार पाठवली, कारण हजारोंच्या संख्येने ती बनवायची ताकद अमेरिकेत होती.

तिथे रेथिऑन नावाच्या कंपनीत पर्सी स्पेन्सर हा तंत्रज्ञ होता. जन्म १८९४चा, मेन राज्यातल्या हाउलंड या खेड्यातला. वडील तान्हेपणीच गेले, काका-काकूंनी वाढवलं. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि गिरणी नशिबी आली. पुढे नौदलात रात्रपाळीला पहारा देता देता त्याने पुस्तकं वाचून बिनतारी यंत्रांचं शास्त्र पचवलं. मॅग्नेट्रॉन भराभर बनवण्याची रीत त्यानेच बसवली आणि कारखान्याचं उत्पादन दिवसाला २,६०० नळ्यांपर्यंत गेलं. १९४५मध्ये एकदा चालू मॅग्नेट्रॉनपाशी उभा असताना त्याच्या खिशातली गोळी-चॉकलेटची वडी विरघळली. इतरांच्याही बाबतीत असं झालं असेल. त्यांनी खिसा झटकला असेल. स्पेन्सरने मक्याचे दाणे मागवले. लाह्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी त्याने अंडं ठेवलं. असं सांगतात की एक सहकारी कुतूहलाने वाकून बघायला गेला आणि अंडं त्याच्या तोंडावर फुटलं.

हे मी वाचलं तेव्हा मला फार धीर आला. सोपाऱ्यात २०१४ साली जे अंडं फुटलं, ते अमेरिकेत सत्तर वर्षांपूर्वी फुटून गेलं होतं. इतिहासाने माझी चूक आधीच करून ठेवली होती.

स्पेन्सरने ऑक्टोबर १९४५मध्ये पेटंटचा अर्ज केला. ते १९५०मध्ये मिळालं. कंपनीच्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या वाट्याला २ डॉलरचं बक्षीस आलं, असं सांगितलं जातं. १९४७मध्ये पहिलं यंत्र निघालं, नाव 'रडाररेंज'. माणसाएवढं उंच, वजन सुमारे ३४० किलो, थंड ठेवायला पाण्याचे नळ जोडलेले. ते उपाहारगृहांत आणि बोटींवर गेलं, घरात जाणं शक्यच नव्हतं. १९५५मध्ये टॅपन कंपनीने घरगुती नमुना काढला, त्याची किंमत १,२९५ डॉलर. अखेर १९६७मध्ये अमाना कंपनीने ओट्यावर मावणारी ४९५ डॉलरची पेटी विकायला आणली आणि रडार स्वयंपाकघरात स्थिरावलं. ज्या लहरीने विमानं हेरली, ती आता बटाटे उकडू लागली. लढाईतून घरी परतलेली हत्यारं सहसा इतकी सोज्वळ होत नाहीत.

आपल्याकडे ही पेटी आधी आखातातून आली. कुवेत, दुबई, मस्कतला नोकरीला गेलेल्या कोकणातल्या माणसांच्या सामानात टेपरेकॉर्डर, ब्लँकेट आणि मिक्सरनंतर तिचा नंबर लागला. १९९१नंतर बाजार खुला झाला, त्या दशकाच्या अखेरीस परदेशी कंपन्यांचे मायक्रोवेव्ह शहरांतल्या दुकानांत रांगेने दिसू लागले. विकणारे खरेदीबरोबर पाककृतींचं पुस्तक देत, शिकवणीचे वर्गही घेत. वसईतही याच काळात इमारती वाढल्या. १९९०मध्ये सिडकोकडे इथलं नियोजन गेलं, २००९मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. पहाटेची लोकल पकडणाऱ्या नवरा-बायकोच्या घरात पेटी आली. त्याच काळात भाजीच्या वाड्या मात्र आक्रसत गेल्या. निर्मळ, गास, भुईगावकडची ताजी भाजी अजून येते, पण तिच्यासाठी सकाळी लवकर उठावं लागतं.

तरी या पेटीची आपल्याकडे चूल झाली नाही. याचं कारण फोडणी. ही लहर सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावे खाते आणि तिच्या तालावर पदार्थातले पाण्याचे कण वळवळू लागतात. त्या धडपडीतून ऊब तयार होते. पण पाणी आहे तोवर पदार्थ शंभर अंशांच्या आसपासच राहतो. मोहरी तडतडायला, कांदा तांबूस व्हायला, भाकरीला डाग पडायला याच्या कितीतरी वर जावं लागतं, आणि तेल या लहरीला पाण्यासारखी दाद देत नाही. शिवाय आपली भांडी स्टीलची आणि पितळेची. लहर धातूवरून परत फिरते, कडेला ठिणग्या उडतात. म्हणजे आपल्या मांडणीवरची निम्मी भांडी पहिल्याच दिवशी बाद. मग ही पेटी 'गरम करायचं मशीन' होऊन बसली, आणि आमच्यासारखी तिच्यावर फुलदाणी आली.

पण जे आपल्याच पाण्यावर शिजतं, त्यासाठी ही पेटी म्हणजे विजेची उकडहंडीच. त्या पावसाळ्यात पत्नी खुर्चीत बसून सांगत गेली आणि मी करत गेलो. दोडका किंवा दुधी चिरायचा, धुवायचा, फार निथळायचा नाही. काचेच्या भांड्यात घालून वर मीठ, हळद, हिरवी मिरची, ओलं खोबरं. झाकण थोडं तिरकं. चार मिनिटं, मग एकदा हलवायचं, मग आणखी दोन. हलवायचं अशासाठी की पेटीत लहरी एकमेकींवर आदळून काही जागी जास्त आच होते आणि काही जागी कमी. तबकडी फिरते तीही त्याचसाठी. शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवायचं, मधला भाग तेवढ्यात पुरता होतो. लहर आतपर्यंत जाते हे अर्धंच खरं. ती दोन-तीन सेंटिमीटर शिरते, पुढचं काम उष्णता हळूहळू करते. वरून पाणी न घातल्याने ते ओतून देण्याचा प्रश्न येत नाही आणि त्याबरोबर वाहून जाणारी जीवनसत्त्वंही बरीचशी भाजीतच राहतात.

अंड्याचं शास्त्र त्याच दिवसांत कळलं. कवचात आणि बलकाच्या पडद्यात पाणी कोंडलेलं असतं. आत वाफ झाली की तिला वाट हवी. म्हणून अंडं कवचासकट कधी ठेवायचं नाही. सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा अख्खं गरम करायचं नाही. ते आत गप्प बसून राहतं आणि दात लावल्यावर फुटून तोंड भाजू शकतं. अंडं वाटीत फोडायचं, बलकाला काट्याने दोन-तीन टोचे मारायचे, झाकायचं. अर्ध्या ताकदीवर तीस-तीस सेकंद, दर वेळी बघत. किंवा फेटून, त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घालून मध्ये मध्ये हलवत. दोन मिनिटांत अंडाभुर्जीची धाकटी बहीण तयार. भुर्जीच नव्हे, कबूल. पण पोटभर.

लोकांना या पेटीची भीती वाटते. पदार्थात किरण राहतात का, असं अम्मीनेही विचारलं होतं. मी तिला रेडिओचं उदाहरण दिलं. केंद्र बंद झालं की घरात आवाज साठून राहतो का? तशीच ही लहर. बटण बंद, लहर बंद. क्ष-किरणांसारखी ती अणूंची मोडतोड करत नाही, फक्त ऊब देते. दाराच्या काचेतली जाळी तिला बाहेर येऊ देत नाही, कारण जाळीची भोकं लहरीच्या मानाने फार बारीक असतात. काळजी घ्यायचीच तर ती भांड्याची घ्या. कुठल्याही प्लास्टिकच्या डब्यात अन्न तापवू नका, काच किंवा चिनी माती बरी. दार नीट लागत नसेल तर पेटी चालवू नका.

हे ऐकून अम्मीचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "विस्तव दिसत नाही, धूर दिसत नाही, मग शिजलं हे कळणार कसं?" पन्नास वर्षं तिने वासावरून, बुडबुड्यांच्या आवाजावरून, जाळाच्या रंगावरून स्वयंपाक ओळखला होता. हे ज्ञान कुठल्याही पेटंटमध्ये नोंदलेलं नाही. मॅग्नेट्रॉनवाल्यांची नावं मी आज तारखांसह सांगितली. उकडहंडीत पाणी घालायचं नाही हे पहिल्यांदा कुणाला सुचलं, तिचं नाव मात्र कुणीच लिहून ठेवलं नाही. इतिहास विस्तव वापरणाऱ्यांपेक्षा विस्तव विझवणाऱ्यांना लवकर ओळखतो.

त्या महिन्यातली एक पहाट सांगतो आणि थांबतो. बाहेर पाऊस. पावणेचारला मी उठलो, कुणालाही न उठवता. दुधीची भाजी, दोन वाट्यांत दोन अंडी, आदल्या रात्रीच्या भाकऱ्या. वीस मिनिटांत सगळं मांडलं आणि अम्मीला हाक मारली. सहरीला तिला कुणीतरी उठवण्याची ती तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. ती येऊन बसली, जेवण तयार बघून थोडी गोंधळली, सवयीने ओट्याकडे निघाली, मग परत बसली. पहिला घास घेतला.

"मीठ कमी आहे," म्हणाली. आणि वाटी पुसून खाल्ली.

पत्नीचा हात बरा झाला, फोडणीचा मान पुन्हा तिच्याकडे गेला. सहरीचं काम मात्र मी परत दिलेलं नाही. फुलदाणी आता खिडकीत असते. माझ्या पिढीच्या पुरुषांना एवढंच सांगणं आहे, की ज्याला जाळ काढता येत नाही, त्यालाही आता घरच्यांना जेवू घालता येतं. सबब उरलेली नाही. फक्त अंड्याला आधी टोचा मारायला विसरू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)